तुरुंगातील माणसाचे दिवाणी अपील आणि आमचे हुकलेले ३० दिवस

माझा धाकटा भाऊ एका फौजदारी खटल्यात शिक्षा भोगत असताना आमच्या राहत्या घराच्या ताब्याच्या दाव्यात त्याच्याविरुद्ध निकाल लागला. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याविरुद्ध (म्हणजे निकालाच्या अंमल करण्याजोग्या आदेशाविरुद्ध) जिल्हा न्यायालयात अपील करण्यासाठी १९६३ च्या मुदत कायद्याने ३० दिवस दिलेले आहेत. मला ते तेव्हा ठाऊक नव्हते आणि माझ्या याच अज्ञानाचा फायदा घेतला गेला.

न्यायालयाच्या आवारात टंकलेखकांच्या टेबलांपाशी एक गृहस्थ भेटले. कैद्यांना मोफत विधी साहाय्य मिळवून देण्याचे काम आपण पाहतो, असे त्यांनी सांगितले. "तुमचा भाऊ आत आहे ना, मग मुदतीची काळजी सोडा. आतल्या माणसाला मुदत लागत नाही. कागद तुरुंगाधिकाऱ्याच्या हाती गेला की अपील झालेच म्हणून समजा," असे ते इतक्या खात्रीने बोलले की मला शंका घ्यावीशी वाटली नाही.

या बोलण्यात थोडे खरे होते आणि म्हणूनच ते घातक ठरले. फौजदारी प्रकरणात तुरुंगातील आरोपीला आपले अपील तुरुंगाच्या प्रमुख अधिकाऱ्याकडे देता येते आणि त्याने ते न्यायालयाकडे पाठवायचे असते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८३ मध्ये ही तरतूद होती आणि तिच्या जागी आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत मात्र कैद्यासाठी अशी वाट नाही. आदेश ४१ प्रमाणे अपिलाचे ज्ञापन, म्हणजे अपिलाचा लेखी मसुदा, पक्षकाराच्या किंवा वकिलाच्या सहीने न्यायालयातच सादर व्हावे लागते. मुदत कायद्याच्या कलम ६ मध्ये ज्यांना सवलत आहे त्यांत अल्पवयीन मुले आणि मनोरुग्ण येतात, कैदी येत नाहीत, आणि ती सवलतही दाव्यांना व दरखास्तींना (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जांना) आहे, अपिलाला नाही. म्हणजे आमचे दिवस एकेक करून संपत होते.

वकीलपत्रावर भावाची सही घेऊन ती कारागृहातून साक्षांकित करवून आणण्याचे काम मीच केले. ते वकीलपत्र, निकालाची प्रमाणित नक्कल आणि कोर्ट फी व 'वरखर्च' म्हणून सांगितलेले चौदा हजार रुपये मी त्या गृहस्थांच्या हवाली केले. मोफत साहाय्य म्हणवणारा माणूस पैसे मागतो, इथेच मी थांबायला हवे होते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीत किंवा तुरुंगात असलेली व्यक्ती दिवाणी प्रकरणातही मोफत वकिलाला पात्र असते आणि प्राधिकरणाने नेमलेल्या वकिलाला पक्षकाराकडून फी घेता येत नाही. पुढे त्यांनी एका चिठ्ठीवर हाताने लिहिलेला 'अपील क्रमांक' दिला. तो मी घडी घालून जपून ठेवला, पण न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर तपासला नाही. दाखल झालेल्या प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षरांचा व अंकांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळतो आणि त्यावरून पुढची तारीख घरबसल्या दिसते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

पाच महिन्यांनी बेलीफ ताब्याचे वॉरंट घेऊन दारात उभा राहिला. जिल्हा न्यायालयात चौकशी केली तेव्हा आमच्या नावाचे कोणतेही अपील दाखल नसल्याचे कळले. ते गृहस्थ त्या आवारात पुन्हा कधी दिसले नाहीत.

मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला (१५१०० हा त्यांचा मदत क्रमांक सुरुवातीलाच फिरवला असता तर बरे झाले असते) आणि तिथे नेमून मिळालेल्या वकीलबाईंनी सारे समजावून सांगितले. नकलेसाठी अर्ज केल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस मुदतीतून वगळले जातात आणि त्या तारखा नकलेवरच नोंदलेल्या असतात. उरलेल्या विलंबासाठी मुदत कायद्याच्या कलम ५ खाली माफीचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह अपिलासोबतच जोडावा लागतो. सर्वांत जड गेली ती पुढची गोष्ट: अपील वेळेत असते तर वॉरंटाला स्थगिती त्याच दिवशी मागता आली असती, परंतु उशिराच्या अपिलात, ते ऐकायचे असे न्यायालयाने ठरवेपर्यंत, हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला स्थगिती देता येत नाही. त्या माणसाने आमचे पैसे नेले, पण आईच्या डोक्यावरचे छप्पर धोक्यात आले ते या एका नियमामुळे. अशा लोकांविषयी माझ्या मनात आजही संताप आहे, कारण तुरुंगातला माणूस स्वतः उठून चौकशीला जाऊ शकत नाही, हे हेरूनच ते येतात.

माझ्या जागी कोणी असेल तर त्याने निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज करावा, कारागृह अधीक्षकांमार्फत प्राधिकरणाकडे लेखी विनंती पाठवावी, तिची पोच घ्यावी आणि कैद्याची सही कोऱ्या कागदावर कधीही घेऊ नये.

आमचा माफीचा अर्ज प्रलंबित आहे आणि समोरच्या पक्षाने त्याला कडाडून विरोध केला आहे. मूळ वकीलपत्र हाती नाही, पण देण्यापूर्वी मी त्याची झेरॉक्स काढली होती. तिच्यावर कारागृहाचा शिक्का आहे आणि त्याखालची तारीख निकालानंतर अठराव्या दिवसाची आहे. भाऊ मुदतीत अपील करू इच्छित होता हे दाखवणारा तेवढाच कागद आमच्यापाशी आहे, आणि कारागृहाच्या जावक नोंदवहीतील त्याच दिवसाच्या नोंदीची प्रत मिळावी म्हणून वकीलबाईंनी आता अर्ज दिला आहे.