घरचं बीपी मशीन: मशीनला चार स्टार, कफला दोन

आधीच सांगते, ब्रँडचं नाव लिहिणार नाहीये. चांगलं लिहिलं की लोक म्हणतात जाहिरात आहे, वाईट लिहिलं की म्हणतात दुसऱ्या कंपनीकडून पैसे घेतले असतील. आणि तसंही दोन हजारांच्या आतबाहेर मिळणारी दंडाला बांधायची डिजिटल मशीनं आतून बरीचशी सारखीच असतात, खरा फरक पडतो तो कफमुळे (म्हणजे दंडाला गुंडाळायचा, हवा भरणारा पट्टा) आणि आपण मोजायला बसतो कसे त्याच्यामुळे.

मशीन घेतलं सासूबाईंसाठी. वय ७२, बीपीची गोळी बरीच वर्षं चालू, दवाखान्यात गेलं की रीडिंग हमखास १६० च्या वर आणि घरी आल्या की म्हणणार मला काही होत नाही, डोकं दुखत नाही, चक्कर नाही, मग कसलं बीपी? हे वाक्य तुमच्याही घरात कोणीतरी म्हणत असेलच. तर बीपीचं हेच तर आहे ना, बहुतेकांना काहीच होत नाही. वर्षानुवर्षं वाढलेलं राहतं, माणूस जेवतो खातो फिरतो, आणि मग एक दिवस पॅरालिसिसचा झटका नाहीतर किडनीचा रिपोर्ट नाहीतर डोळ्याचा पडदा बघताना डॉक्टर विचारतात, तुम्हाला बीपी किती वर्षं आहे? डोकं दुखलं की मोजायचं आणि नाही दुखलं की गोळी सोडायची, ह्या हिशोबाला काही अर्थ नाही.

आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं की घरी मोजा, वहीत लिहा आणि वही घेऊन या. काही लोकांचं दवाखान्यात बसल्यावरच वाढतं, त्याला व्हाइट कोट म्हणतात, आणि त्याच्या उलटही असतं, दवाखान्यात एकदम नॉर्मल आणि घरी वाढलेलं. हे दुसरं जास्त वाईट कारण ते कोणाला कळतच नाही. म्हणून घरचा आकडाही वेगळा धरतात, दवाखान्यात १४०/९० च्या वर गेलं तर जास्त, घरी सरासरी १३५/८५ च्या वर गेली तर जास्त. हे माहीत नसेल तर घरी १३८ दिसलं की आपण खूश, म्हणतो १४० च्या आत आहे की.

आता मशीन. बॉक्समध्ये मशीन, कफ, चार पेन्सिल सेल आणि एक जाडजूड माहितीपुस्तक ज्यात मराठी सोडून सगळ्या भाषा आहेत. अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो. एक मोठं बटण, आकडे मोठे, सासूबाईंना चष्म्याशिवाय दिसतात हे फार महत्त्वाचं. बटण दाबलं की घुर्रर्र करत हवा भरते, दंड चांगलाच आवळला जातो (पहिल्यांदा त्या दचकल्या, तेव्हाचं रीडिंग अर्थातच धरलं नाही) आणि मग हवा सुटता सुटता वरचं, खालचं आणि पल्स दाखवतं. डॉक्टर कानाला स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकतात, ती पद्धत १९०५ ची आहे, कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन सर्जनची. हे मशीन आवाज ऐकत नाही, कफमध्ये नाडीची जी थरथर जाणवते त्यावरून हिशोब करतं. त्यामुळे बोलणं, हात हलवणं, खोकणं सगळं त्याला गोंधळात टाकतं आणि ज्यांचे ठोके अनियमित आहेत त्यांच्या रीडिंगचा भरवसा कमी. आमच्या मशीनवर ठोके चुकत असतील तर एक छोटं हार्टचं चिन्ह येतं. ते कधीतरी एकदा आलं तर घाबरायचं कारण नाही, पण सारखं यायला लागलं तर ईसीजी काढून घ्या.

कफला दोन स्टार का, तर कफवर लिहिलंय २२ ते ३२ सेमी. म्हणजे दंडाचा घेर तेवढा असेल तरच. सासूबाईंचा बसतो, आमच्या ह्यांचा दंड ३५ भरला टेपने, त्यांना तो ओढून ताणून बसवला तर रीडिंग उगाच जास्त दाखवतं. छोटा कफ जास्त दाखवतो, फार मोठा कफ कमी दाखवतो, आणि दुकानात हे कोणी म्हणजे कोणी सांगत नाही. मोठा कफ वेगळा मिळतो पण त्याचे पैसे वेगळे. वेल्क्रो पण फार टिकेलसं वाटत नाही, कडेने आत्ताच पिसं निघायला लागलीत.

आता मोजायचं कसं, कारण निम्म्या घरांत चुकतं ते इथेच. आधीचा अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, जिना काही नाही. लघवी लागली असेल तर आधी जाऊन या, खरंच त्याने वाढतं. खुर्चीत पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, एकावर एक नाही, हात टेबलवर म्हणजे कफ छातीच्या लेव्हलला येईल, कफ उघड्या दंडावर (ब्लाउजची बाही, स्वेटर, शर्टाची गुंडाळी ह्यावरून नाही), कोपरापासून दोन बोटं वर, नळी आतल्या बाजूला. असं पाच मिनिटं गप्प बसायचं. मग एक रीडिंग, मिनिटभर थांबून दुसरं, दोन्ही लिहायची. पहिल्यांदा मोजताना दोन्ही हातांचं बघा, ज्या हातात जास्त येतं तोच हात पुढे कायम धरायचा.

ह्या सगळ्यात आमच्याकडे सगळ्यात अवघड काय गेलं तर गप्प बसणं.

"अहो आई, बोलू नका ना, रीडिंग चालू आहे."

"अगं मी कुठे बोलतेय, मेथीची जुडी तीस रुपयाला दिली त्याने एवढंच सांगतेय."

१५६. मग पाच मिनिटं टीव्ही बंद, मेथी बंद, परत मोजलं तर १४२. मध्ये गोळी नाही, औषध नाही, काही नाही. आता विचार करा, दवाखान्यात धावत जायचं, रिक्षावाल्याशी वाद घालायचा, खुर्चीवर टेकायच्या आत कफ बांधून घ्यायचा, त्या आकड्यावर गोळी वाढणार.

डॉक्टरांनी सांगितलेली पद्धत अशी की आठवडाभर सकाळी गोळी घ्यायच्या आधी दोन आणि संध्याकाळी दोन रीडिंग, पहिल्या दिवसाची सोडून द्यायची आणि बाकीच्यांची सरासरी. मशीनमध्ये मेमरी आहे पण आमच्या घरात सगळेच त्यावर मोजतात त्यामुळे मेमरीत कोणाचं काय ते देवालाच माहीत, वहीच बरी. वहीत तारीख, वेळ, वरचं, खालचं आणि शेजारी एक रकाना, त्या दिवशी काही वेगळं झालं असेल तर. हा रकाना फार कामाचा निघाला. काही दिवस आकडे सारखे वर दिसत होते आणि रकान्यात सासूबाईंच्याच अक्षरात होतं, "गुडघा. गोळी घेतली." गुडघे दुखले की मेडिकलमधून आणून डायक्लोफिनॅक घ्यायच्या, कोणाला न सांगता. डॉक्टरांनी वही बघितली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. ह्या दुखण्यावरच्या गोळ्या, म्हणजे डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन वगैरे, अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात आणि बीपीच्या काही गोळ्यांचा असर कमी करतात, किडनीवर ताण येतो तो वेगळाच. सर्दीच्या काही गोळ्यांचंही तेच, नाक मोकळं करणारं जे औषध त्यात असतं त्याने बीपी वाढतं. बीपीची गोळी वाढवायची गरजच पडली नाही, गुडघ्याची बदलली. मशीनचे पैसे माझ्या मते तिथेच वसूल.

वरचं आणि खालचं ह्याबद्दलही एक सांगते कारण बिल्डिंगमध्ये सगळ्यांना खालच्याचीच काळजी असते. वय वाढलं की रक्तवाहिन्या कडक होतात, त्यामुळे वरचं वाढतं आणि खालचं तसंच राहतं किंवा कमीच होतं. १५८/७० बघून "खालचं छान आहे की" म्हणून सोडून देऊ नका, साठीच्या पुढे वरचं वाढलेलं असणं हेही बीपीच आहे.

बिल्डिंगवरून आठवलं, मशीन घरात आलं की सुरुवातीला सगळी बिल्डिंग येते. "माझं पण बघ गं." दुसऱ्या मजल्यावरच्या आजी सकाळी मिश्री लावून थेट आमच्याकडे यायच्या आणि आकडा बघून मशीन बिघडलंय म्हणायच्या. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, निकोटिनने बीपी आणि पल्स दोन्ही वर जातं. आजी मिश्री सोडणार नाहीत हे मला माहितीये, म्हणून मी आता त्यांना संध्याकाळी बोलावते.

आणि मीठ. डॉक्टर मीठ कमी करा म्हणाले की आमच्याकडे भाजीतलं कमी होतं आणि पानात लोणचं दुप्पट येतं. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचा, दिवसभराचं सगळं धरून. त्यात पापड, लोणचं, फरसाण, शेंगदाण्याची चटणी, खारी, पाव, सॉस सगळं आलं. सैंधव मीठ बीपीला चालतं हा पण एक गैरसमज आहे, गुलाबी असलं तरी त्यात मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं, बीपी त्यानेही वाढतंच. कमी सोडियमवालं मीठ मिळतं त्यात पोटॅशियम घातलेलं असतं, ते बऱ्याच जणांना चालतं पण किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल अशी बीपीची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय आणू नका, पोटॅशियम रक्तात वाढलं तर हृदयाच्या ठोक्यांवर येतं. बाकी चालणं, वजन, दारू हे सगळ्यांना पाठ आहे, मी परत लिहीत नाही.

बीपीच्या गोळ्यांचंही थोडं. ॲम्लोडिपिनने काहींच्या पायांना घोट्यापाशी सूज येते, रॅमिप्रिल-एनालाप्रिलने काहींना कोरडा खोकला येतो जो कफ सिरपने जात नाही. असं झालं तर गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांकडून बदलून घ्यायची, पर्याय भरपूर आहेत. आणि घरी आठवडाभर १२५ आलं म्हणून गोळी अर्धी करणारे काका पण बघितलेत मी. अहो ते १२५ गोळीमुळेच आहे. मशीन घेतल्यावर होणारा सगळ्यात मोठा तोटा हाच, की माणूस स्वतःच डॉक्टर होतो. दुसरा तोटा म्हणजे दिवसातून दहा वेळा मोजणं, आमचे हे ऑफिसचा कॉल झाला की मोजायचे आणि आकड्याचं टेन्शन घेऊन परत मोजायचे. आता मशीन माझ्या कपाटात असतं.

१८०/१२० च्या वर गेलं तर काय करायचं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. काही त्रास नसेल तर शांत बसून पाच मिनिटांनी परत मोजायचं, तरी तेवढंच असेल तर लगेच डॉक्टरांना फोन. पण छातीत दुखतंय, दम लागतोय, तोंड वाकडं झालंय, एका बाजूचा हातपाय उचलत नाहीये, बोलणं अडखळतंय, दिसायला धूसर झालंय, ह्यातलं काहीही असेल तर परत मोजत बसायचं नाही, १०८ ला फोन आणि मोठं हॉस्पिटल. आणि अशा वेळी शेजारच्यांची बीपीची गोळी जिभेखाली ठेवायची नाही, एकदम खाली आलं तर तेही धोक्याचं. उलट बाजूला, म्हाताऱ्या माणसांना अंथरुणातून उठल्यावर चक्कर येत असेल तर बसून मोजा आणि मग उभं करून मोजा, फरक मोठा असेल तर तोही वहीत लिहा.

काय घेऊ नका तर मनगटाचं मशीन. दिसायला गोंडस आहे पण हात जरा वरखाली झाला की आकडा बदलतो, दंड फार जाड असेल आणि कफ मिळतच नसेल तरच. कफ नसलेल्या घड्याळांच्या बीपीवर तर गोळ्या ठरवू नका. ब्लूटूथ, ॲप वगैरे आवडत असेल तर घ्या, आमच्याकडे कोणी वापरलं नसतं. त्यापेक्षा ते मॉडेल तपासून प्रमाणित केलेलं आहे का ते बघा, ब्रिटिश अँड आयरिश हायपरटेन्शन सोसायटीची यादी नेटवर फुकट बघायला मिळते.

आणि ज्यांना मशीन परवडत नाही त्यांनी अडून राहायचं कारण नाही. सरकारी आरोग्य केंद्रात बीपी फुकट मोजतात आणि गोळ्याही देतात. माझी नणंद साताऱ्याकडे असते, ती तिथूनच घेते, महिन्याच्या महिन्याला कार्डावर रीडिंग लिहून मिळतं. तिचं कार्ड सासूबाईंच्या वहीपेक्षा नीटनेटकं आहे हे मी घरात बोलत नाही.

शेवटचं, घेताना दुकानातच टेपने दंड मोजून कफ बघा आणि बिल जपून ठेवा, वॉरंटीला लागतं. वर्षातून एकदा मशीन पिशवीत टाकून दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांच्या मशीनशी जुळवून घ्या. आमचं चार-पाच पॉइंट जास्त दाखवतं, डॉक्टर म्हणाले एवढं चालेल.