बंद राहिलेल्या पद्मिनीला पंप कोणता: मूळचा की इलेक्ट्रिक?

वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी असलेली फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, बाहेर काढली की गॅरेजमधला पहिला सल्ला ठरलेला असतो: “साहेब, तो जुना पंप काढा, इलेक्ट्रिक लावून देतो. कटकटच नको.” हा पंप म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत आणणारा. सल्ला अगदीच टाकाऊ नाही. माझ्या पद्मिनीवर दोन्ही लावून झालेत, त्यामुळे दोन्हीबद्दल थोडं बोलता येईल.

मात्र खरेदीआधी पंपच गेलाय याची खात्री करून घ्या. बंद गाडीत बिचाऱ्या पंपावर फुकटचा आळ फार येतो. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकलंय असं मी धरून चालतो. त्याला पेट्रोलचा नव्हे, व्हार्निशचा वास येत असेल तर ते इंजिनात जाऊच देऊ नका. मग कार्ब्युरेटरला (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळतो तो भाग) सलाइन लावा, म्हणजे ताज्या पेट्रोलची बाटली वर टांगून नळी थेट कार्ब्युरेटरला जोडा. त्यावर गाडी नीट चालली तर कार्ब्युरेटर बरा आहे. नाही चालली तर त्या सोलेक्स कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, डिंक धरून बसलेत, आणि तिथे कुठलाच पंप उपयोगाचा नाही. पुढची पायरी म्हणजे पंपाची ओढीची नळी टाकीऐवजी खाली ठेवलेल्या कॅनमध्ये सोडा. कॅनवर गाडी चालते आणि टाकीवर मरते, तर दोष पंपाच्या मागे आहे: गंजानं चोंदलेला पाइप, टाकीच्या झाकणाचं बुजलेलं हवेचं भोक, नाहीतर टाकीजवळचा तडकलेला रबरी तुकडा.

हा रबरी तुकडा फार फसवतो. मूळचा पंप इंजिनाला चिकटलेला, तो अख्ख्या गाडीच्या लांबीवरून पेट्रोल ओढतो. ओढीच्या बाजूला तडा असला तर थेंबही गळत नाही, उलट पंप तिथून हवा घेतो. खाली वाकून बघितलं तर सगळं कोरडं ठणठणीत, आणि गाडी मात्र दुसऱ्या चौकात झटके खाऊन बंद. असे कितीतरी चांगले पंप बदलले जातात. नवा इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ बसवला की तोच तडा दाबाखाली येतो आणि थेंब थेंब गळायला लागतो. म्हणजे दोष निदान दिसतो तरी, पण पेट्रोल जमिनीवर सांडून.

इलेक्ट्रिकच्या बाजूनं बोलायचं तर त्याचा खरा फायदा सुरू करताना कळतो. गाडी तीन-चार आठवडे उभी राहिली की कार्ब्युरेटरच्या बाउलमधलं, म्हणजे त्यातल्या छोट्या वाटीतलं, पेट्रोल उडून जातं. मूळच्या पंपावर मग सेल्फ मारत बसायचं, बॅटरी कुरकुरेपर्यंत. इलेक्ट्रिकला किल्ली फिरवली की तो टकटकटक सुरू होतो, बाउल भरला की टकटक मंदावते, आणि गाडी एका सेल्फात उठते. दुसरा फायदा घाटाचा. एप्रिल-मे महिन्यात खंबाटकी चढताना मूळचा पंप इंजिनाच्या गर्मीनं तापतो, आत पेट्रोलची वाफ होते आणि तो ओढायचा थांबतो. पंपावर ओला फडका टाकून रस्त्याकडेला थांबलेली फियाट जुन्या लोकांनी पाहिलेली आहे. मागे टाकीजवळ, थंड जागी बसलेला पंप पेट्रोल ढकलतो, त्याला हा त्रास जवळपास होत नाही.

एवढं सगळं असूनही तो माझ्या गाडीवर टिकला नाही, आणि त्याचं कारण एकच: वास.

सोलेक्सच्या निडलला, म्हणजे बाउल भरला की पेट्रोल अडवणाऱ्या सुईला, तीनेक पीएसआय दाब पुरतो. मूळचा पंप तेवढाच देतो, कारण त्याच्या स्प्रिंगला त्याहून जास्त जमतच नाही. इलेक्ट्रिकमध्ये पहिली गोची इथेच. दुकानात सर्रास मिळतो तो इंजेक्शनच्या गाडीचा पंप, त्याचा दाब तीन बारच्या आसपास, म्हणजे आपल्याला हवा त्याच्या दहापटीहून जास्त. तो या गाडीच्या वाटेला जाऊच देऊ नका. पण “कार्ब्युरेटरसाठीच” म्हणून घेतलेला पंपही माझ्याकडे निडलला किंचित भारी पडायचा. सिग्नलला गाडी उभी, इंजिन आरामात फिरतंय, पेट्रोलची मागणी नगण्य, आणि पंप मागून ढकलतोच आहे. निडल तसूभर हरली की बाउल काठोकाठ भरतो, गॅस्केटच्या कडेनं ओल दिसते आणि आत बसलेल्यांना वास येतो. मग दाब आवरणारा रेग्युलेटर लावला. त्यावर दाब थोडा कमी केला की चढाला गाडी उपाशी, थोडा वाढवला की परत वास. निडल नवी घातली, वास कमी झाला, गेला नाही. घरच्यांनी काच खाली करूनच बसायचं ठरवलं, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या काकांनी “अहो, गॅस लीक होतोय का बघा हो कुठे” असं दोनदा विचारल्यावर मी पंप उतरवला. तुमची निडल आणि तुमचा पंप एकमेकांना मानवले तर हे सगळं तुम्हाला लागूही होणार नाही. पण मला बोनेट उघडून रोज हुंगायचं नव्हतं.

शिवाय एक भीती मनात राहायचीच. मूळचा पंप इंजिनातल्या फिरत्या कॅमशाफ्टच्या धक्क्यावर चालतो, इंजिन बंद की तो बंद. इलेक्ट्रिक किल्लीवर चालतो. नळी निसटली आणि इंजिन बंद पडलं, तरी किल्ली चालू आहे तोवर तो पेट्रोल ओततच राहतो. ऑइलच्या दाबावर चालणारा स्विच आणि रिले घालून याची सोय होते, आणि चांगला इलेक्ट्रिशियन ती करतोही. साधारण गॅरेजमध्ये मात्र इग्निशनवरून एक वायर ओढून काम आटोपतं, हे मी पाहिलंय.

मूळच्या पंपाचेही दोष आहेत, नाही असं नाही. त्याचा डायफ्रॅम, म्हणजे पेट्रोल ओढणारा आतला रबरी पडदा, फाटला तर पेट्रोल सरळ इंजिनाखालच्या चेंबरमध्ये ऑइलात उतरतं. म्हणून जुनी गाडी सुरू करण्याआधी ऑइलची पट्टी काढून हुंगा. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी उगाच वाढलेली दिसली तर ऑइल बदलल्याशिवाय सेल्फला हात लावू नका. डायफ्रॅमचं किटही बघून घ्यावं लागतं. दुकानदार “ओरिजिनल जुना स्टॉक आहे” असं अभिमानानं सांगतो, पण तो रबर डब्यात पडून पडूनच कडक झालेला असतो. त्यात आता पेट्रोल पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, मऊ पाडतं. किट घेताना इथेनॉल चालणारा डायफ्रॅम आहे का, हे स्पष्ट विचारा. सगळ्या रबरी नळ्यांनाही तेच लागू. मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, इथे विचारपूस केली की काही ना काही हाती लागतं. भंगारातल्या टॅक्सीचा पंप मिळाला तर बॉडी आणि लिव्हरपुरता घ्या. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली, पण यातल्या बऱ्याच टॅक्स्या शेवटची वर्षं सीएनजीवर चालल्या. आतला डायफ्रॅम कितपत ओला राहिला असेल, तुम्हीच ठरवा.

आणि सुरू करतानाची ती सेल्फची कटकट? माझ्या पंपाच्या अंगाला हातानं मारायचा छोटा लिव्हर आहे. गाडी बरेच दिवस उभी असली की बोनेट उघडून तो वरखाली करतो. सुरुवातीला जड लागतो, बाउल भरला की एकदम ढिला पडतो. मग चोक ओढून सेल्फ. कधी कधी पहिल्यापासूनच तो ढिला लागतो. पंप बिघडला असं वाटतं, पण कॅमनं आतला दांडा पूर्ण दाबून धरलेला असतो इतकंच. इंजिन हातानं एक फेरा फिरवा, लिव्हर पुन्हा काम करायला लागतो.

गाडी वर्षातून दोनदाच काढणार असाल, किंवा कॅमवरचा भाग झिजून पंपाला धक्काच बसत नसेल, तर इलेक्ट्रिक घ्या, माझी हरकत नाही. कमी दाबाचा घ्या, टाकीजवळ आणि टाकीच्या पातळीच्या खाली बसवा, त्याच्या आधी फिल्टर लावा आणि रिलेचे पैसे वाचवू नका. दर रविवारी चक्कर मारणार असाल तर मूळच्याच पंपात नवा डायफ्रॅम घाला, आणि काढलेला इलेक्ट्रिक फेकू नका. माझा डिकीत पडलेला असतो, नळी आणि क्लिपांसकट, घाटात नडलंच तर.