‘साहेब, पंप गेला’: जुन्या झेनच्या मिसिंगवर घातलेली १३,३०० रुपयांची टोपी

इंजेक्टर अल्ट्रासोनिक क्लीनिंग चार नग, १,८००. स्पार्क प्लग चार, ७२०. पेट्रोल फिल्टर ३८०. फ्युएल पंप ६,४००. ‘ईसीएम प्रोग्रामिंग’, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं, २,५००. लेबर १,५००. एकूण १३,३०० रुपये, सगळे यूपीआयने दिलेले. हातात आलं ते वहीच्या पानावरचं कच्चं बिल. त्यावर ना गॅरेजचं नाव, ना एकाही वस्तूचा पार्ट नंबर. आणि गाडी सिग्नलला उभी राहिली की पहिल्यासारखीच थरथरतेय.

गाडी २००३ची मारुती झेन एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर. तक्रार अशी: गार असताना ठीक, गरम झाली की आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) मिसिंग, म्हणजे इंजिन मधेच झटके खातं. आरपीएम ८५०च्या आसपास हवा, तो ६००पर्यंत पडतो आणि धक्के देत वर येतो. गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी चालू करायला गेलं की लांब सेल्फ मारावा लागतो. मागून काळपट धूर, पेट्रोलचा वास. मायलेज १५वरून १०. रस्त्याला लागली की मात्र गाडी मख्खन.

आता ज्याने चार गाड्या उघडल्यात त्याला हे वाचूनच कळेल की इथे पेट्रोल कमी पडत नाहीये, जास्त जातंय. पंप कमजोर झाला तर नेमकं उलटं होतं. आयडलिंगला पेट्रोल लागतंच किती? ते मरतुकडा पंपही पुरवतो. तो दम टाकतो घाटात, चौथ्या गिअरला अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर. काळा धूर आणि मेलेला पंप एकत्र नांदत नाहीत. कुणी तसं सांगत असेल तर किल्ली परत मागा.

गॅरेजवाल्या मेकॅनिकची पहिली थाप स्कॅनरची. ‘साहेब, स्कॅनरवर फ्युएल प्रेशर लो आलंय.’ या गाडीच्या फ्युएल रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी) प्रेशर सेन्सरच नाही! ईसीएमला प्रेशर किती आहे हे कळायला मार्गच नाही, मग स्कॅनरला कुठून कळणार? मी तेवढं विचारलं, तर म्हणे ‘गेज लावून व्हिडिओ पाठवतो.’

आणि तो व्हिडिओ आला. अकरा सेकंदांचा. इंजिन चालू, गेजवर २.३, आणि मागून आवाज: ‘बघा, कंपनीचं माप २.७ ते ३.१ आहे. पंप गेला.’ माप बरोबर सांगितलं, हाच त्यातला डाव. २.७ ते ३.१ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) हे माप पंप चालू आणि इंजिन बंद असतानाचं आहे, किंवा रेग्युलेटरची, म्हणजे पेट्रोलचं प्रेशर राखणाऱ्या भागाची, व्हॅक्युम नळी काढलेली असतानाचं. नळी जागेवर असेल आणि इंजिन आयडलिंगला असेल तर मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) व्हॅक्युम रेग्युलेटरला ओढतो आणि प्रेशर २.१ ते २.६मध्येच राहायला हवं. म्हणजे २.३ हे तंदुरुस्त पंपाचं रीडिंग होतं. व्हिडिओत ती पेन्सिलीएवढी काळी नळी रेग्युलेटरवर बसलेली स्पष्ट दिसते. मी तो व्हिडिओ नंतर किती वेळा थांबवून बघितला असेल आणि प्रत्येक वेळी डोकं फिरलं. पण भर दुपारी, कामावर, फोनच्या पडद्यावर, समोरचा माणूस अचूक आकडे फेकत असताना नळीकडे कोण बघतं? आकडा खोटा असता तर मी तिथेच पकडला असता. आकडा खरा होता, म्हणून ‘बदला’ म्हणालो.

त्याने नळी का काढली नाही तेही आता उघड आहे. काढली असती तर सुई २.९च्या घरात गेली असती आणि नळीतून पेट्रोल टपकलं असतं. दोष तिथेच होता. रेग्युलेटरचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, फाटलेला. आयडलिंगला व्हॅक्युम सगळ्यात जास्त, म्हणून पेट्रोल नळीवाटे थेट मॅनिफोल्डमध्ये ओढलं जायचं. थ्रॉटल उघडला की व्हॅक्युम पडतो, इंजिनही जास्त हवा घेतं, मिसिंग गायब. नळी उपटून हुंगायची, ओली आहे का बघायची, हीच तपासणी. दुसऱ्या गॅरेजच्या काकांनी चहा येईपर्यंत केली. रेग्युलेटर १,१५०, मजुरी २५०. मधल्या काळात पेट्रोल ऑइलमध्ये उतरलं होतं, डिपस्टिकला वास येत होता, त्यामुळे ऑइल आणि फिल्टरचे १,४५० वेगळे.

ही व्हॅक्युम नळी कोरडी निघाली आणि तरी इंजिन बंद केल्यावर प्रेशर झरझर उतरत असेल तर पंप बंद होताच रिटर्नची (जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी) रबरी नळी चिमटून धरायची. प्रेशर टिकलं तर रेग्युलेटर, तरीही पडलं तर ठिबकणारा इंजेक्टर नाहीतर पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारा). पंप चालू असताना रिटर्न चिमटू नका, प्रेशर भलतंच चढतं. गेज लावण्याआधी पंपाचा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, मग बॅटरीची निगेटिव्ह काढायची. गरम एक्झॉस्टवर पेट्रोलचा फवारा उडाला तर गाडी तिथेच पेटेल.

मधे ई-२०चं, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचं, पुराणही झालं. ‘नव्या पेट्रोलने सगळ्यांचे पंप जातायत, साहेब.’ जुन्या रबरी भागांना इथेनॉल मानवत नाही यात तथ्य आहे, म्हणून तर ही थाप खपते. पण नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात अशा जुन्या गाड्यांसाठी मायलेजची घट सहा-सात टक्के दिलीय. १५चं १० म्हणजे तेहतीस टक्के. बाकीचे सव्वीस कुठे गेले?

आणि खरा कळस. जुना पंप मागितला तर उत्तर ‘कंपनीत जमा करावा लागतो.’ खोटं. पैसे तुम्ही दिले, जुना पार्ट तुमचा. काकांनी पंपाच्या झाकणाचे स्क्रू दाखवले: वर्षानुवर्षांची माती घट्ट बसलेली, पान्याचा एक ओरखडा नाही. पंप बदललाच नव्हता. ६,४०० रुपये हवेत गेले. प्लग मात्र खरोखर नवे निघाले. ते समोर दिसतात ना!

तक्रार करायला गेलो तर चौकीत ‘ही दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा.’ कच्चं बिल, पेमेंटचे स्क्रीनशॉट, स्क्रूंचे फोटो, सगळं समोर ठेवलं. साहेबांनी फोन खाली न ठेवता मान हलवली. न बदललेल्या वस्तूचे पैसे घेणं दिवाणी कसं होतं, ते कुणी सांगेना. एका हेल्पलाइनने तक्रार घेतली आणि ‘समोरून प्रतिसाद नाही’ या कारणाने बंद केली. म्हणजे चोराने उत्तर दिलं नाही की चोरी मिटली! परिवहनवाल्यांचं म्हणणं, गॅरेज आमच्याकडे येत नाही. मग गल्लोगल्लीची गॅरेजं येतात तरी कुणाकडे? सगळ्यांचे हात वर.

उरला जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, मुदत दोन वर्षं, वकील सक्तीचा नाही. २०१९च्या कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, कलम २(४७). तेव्हा ‘पक्कं बिल हवं तर टॅक्स वर पडेल’ असं कुणी म्हणालं तर ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण वस्तू हातात असेल तरच. माझा फाटका रेग्युलेटर तारीख टाकून पिशवीत बांधून ठेवलाय. टाकीवरचं पंपाचं झाकण मुद्दाम उघडलेलं नाही, स्क्रूंवरची मातीही पुसलेली नाही.