हातानं केलेला छोटा रंधा : आठ महिन्यांनंतर

आधीच सांगतो, पहिला रंधा फसला. हे लिहितोय ते दुसऱ्याबद्दल. गेले आठ महिने तो आठवड्यातून तीन-चारदा तरी हातात असतो.

करवत, पटाशी, गुण्या, कानस, हातड्रिल आणि चार शिकंजे, एवढ्यावर काम झालं. ठोकळा शिसमचा, १५० मिमी लांब. अखंड लाकडात पात्याची जागा कोरणं माझ्या हाताला जमण्यासारखं नव्हतं. म्हणून दोन्ही बाजूंच्या पट्ट्या करवतीनं वेगळ्या केल्या. मधल्या भागाला पात्यासाठी ४५ अंशांचा आणि समोर, छिलका निघायला, ६० अंशांचा उतार कापला आणि मग सगळं चिकटवून पुन्हा एक केलं. मधला भाग पात्यापेक्षा दीड-दोन मिमी रुंद असू द्या. अगदी फिट्ट केलात, तर वाकडं बसलेलं पातं सरळ करायला जागाच उरत नाही.

पहिल्यात घोळ झाला तो पातं टेकतं त्या उताराचा. डोळ्यांना सपाट दिसायचा, पण रंधा मारला की पातं थरथरायचं आणि लाकडावर बारीक लाटा उठायच्या. आठवडाभर मी धारेलाच दोष देत बसलो. शेवटी पात्याच्या पाठीवर शिसपेन्सिल घासली, पातं जागेवर दाबून काढलं, तर उताराच्या मधोमध काळा डाग आणि खाली धारेपाशी कोरं! धारेच्या लगत आधारच नाही म्हटल्यावर पातं थरथरणारच. दुसऱ्या रंध्याला हा उतार मी जोडणीआधीच कानशीनं, डाग बघत बघत उतरवला. अख्ख्या कामात सगळ्यात जास्त वेळ इथेच घाला.

दुसरी खोड पातं आवळून धरणाऱ्या पाचरीची. जोरात ठोकली की ती जिच्याखाली अडकते त्या आडव्या खुंटीवर ताण येऊन तळ किंचित फुगतो. म्हणून तळ सपाट करताना पातं आत ओढून, पाचर नेहमीइतकी आवळूनच काचेवरच्या पॉलिश पेपरवर घासायचा. मोकळा रंधा घासून सपाट केला, तर ती सपाटी पाचर बसताच जाते.

पातं पुढे घ्यायला त्याच्या वरच्या टोकावर हलकी टिचकी, मागे घ्यायला रंध्याच्या मागच्या टोकावर. हे हाताला बसायला मला महिना लागला, आणि स्क्रूच्या रंध्याची सवय असलेल्याला सुरुवातीला वैताग येईल. पण एकदा जमलं की कडा मोडायला, दरवाजाची अडणारी कड उतरवायला, खोक्याचे सांधे एका पातळीत आणायला हाच आधी हातात येतो. लांब फळी मात्र याच्यानं सरळ होत नाही. बुटका रंधा प्रत्येक खळग्यात उतरतो.

तक्रार एकच, तोंडाची, म्हणजे तळाला पातं बाहेर येतं त्या फटीची. हवेतल्या ओलाव्यानं तळ हलला म्हणून दोनदा घासला, आणि या उतारांच्या हिशेबानं तळाचा १ मिमी गेला की तोंड दीड मिमीहून जास्त उघडतं. सुरुवातीला कागद जेमतेम जाईल अशी फट होती, आता उलट्या रेषेच्या, म्हणजे तंतू उलटे जाणाऱ्या, लाकडात रंधा ढलप्या उपटतो. तोंडासमोर बाभळीची पट्टी बसवायची म्हणून खाच आखून ठेवली आहे. पटाशीला धार लावली की तेच काम.