पाच नंबरची म्हणून विकलेली लाइन

गेल्या वर्षी मार्चच्या अखेरीस मी ट्राउट मासेमारीसाठी हिमाचलमधल्या तीर्थन नदीवर गेलो होतो. पहिले दोन दिवस कमरेपर्यंत बर्फगार पाण्यात उभा राहिलो, पण एकही फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेली नकली माशी, धड टाकता आली नाही. लाइन, म्हणजे ती माशी नेणारी दोरी, हवेत मागे जायची आणि पुढे येताना माझ्याच डोक्याभोवती गोळा होऊन पडायची. दोष माझ्या हाताचा आहे, सरावाने जमेल, असे मी समजत होतो. प्रत्यक्षात मला विकलेले सामान खोटे होते आणि ते जाणूनबुजून विकले गेले होते. नव्याने हा छंद सुरू करणाऱ्यांनी माझ्यासारखे फसू नये, म्हणून सगळे तपशीलवार लिहीत आहे.

मी नीरा नदीच्या काठी वाढलो, त्यामुळे गळ टाकणे मला लहानपणापासून येते. फसवणुकीला हीच गोष्ट कारणीभूत ठरली. नेहमीच्या गळाला शिशाचा तुकडा असतो आणि तो तुकडा फेकला की बारीक दोरा त्याच्यामागे ओढला जातो. म्हणून आपण काठी बघतो, रीळ बघतो, दोऱ्याकडे फारसे लक्ष देत नाही. फ्लाय फिशिंगमध्ये नेमके उलटे आहे. पिसांची आणि धाग्याची ती माशी इतकी हलकी असते की तिला स्वतःचे वजनच नसते, त्यामुळे फेकली जाते ती लाइन, आणि माशी तिच्या टोकाला बांधलेली म्हणून सोबत जाते. लाइनच्या या वजनाला नंबर असतात आणि रॉड, म्हणजे काठी, त्याच नंबरचा असावा लागतो. ट्राउटसाठी नवशिक्याला साधारणपणे पाच नंबरचा, नऊ फुटी, चार तुकड्यांचा रॉड सुचवला जातो, आणि त्यावर पाच नंबरची, पुढच्या भागात जाड असलेली, पाण्यावर तरंगणारी लाइन. हे मी वाचलेले होते. ते तपासून कसे घ्यायचे, एवढे मात्र कुठे वाचलेले नव्हते.

विक्रेत्याची ओळख एका परिचिताकडून झाली. स्वतःला प्रशिक्षक म्हणवणाऱ्या या गृहस्थांनी मला पुण्यातल्या एका मैदानावर बोलावले आणि स्वतःच्या रॉडने लाइन इतकी सुंदर टाकून दाखवली की गवतावर ती सरळ रेषेत अलगद उतरली. मलाही त्याच रॉडने टाकायला दिली आणि अर्ध्या तासात मला थोडेफार जमू लागले. त्यानंतर त्यांनी गाडीतून सीलबंद खोका काढला आणि "तुम्ही आत्ता वापरलात तोच संच आहे," असे सांगितले. रॉड, रील, लाइन, लीडर आणि टिपेट (लाइन आणि फ्लाय यांच्या मधले बारीक दोरे) आणि दोन डझन फ्लाय मिळून १८,५०० रुपये झाले. बिल मागितल्यावर दोन दिवसांत पाठवतो म्हणाले. पैसे भरताना फोनवर भलतेच नाव दिसले; तो खात्याचा क्रमांक भावाचा आहे, असा खुलासा त्यांनी केला आणि मी तो मान्य केला. मैदानावर खोका उघडून त्यातलीच लाइन टाकून बघितली असती तर गोष्ट तिथेच संपली असती.

तीर्थनवर तिसऱ्या दिवशी सोबतच्या स्थानिक वाटाड्याने न राहवून माझा रॉड हातात घेतला आणि टोक धरून वाकवला. तो जेमतेम वाकला. "सर, ही काठी ट्राउटची नाही, महाशीरची आहे," तो म्हणाला. मुठीच्या वर '५' छापलेला कागद चिकटवलेला होता आणि दोन दिवस पाण्यात भिजून त्याची कड सुटली होती. त्याने नखाने ती सोलली तेव्हा खाली मूळ रंगात '८' हा आकडा दिसला. मग त्याने मला स्वतःचा रॉड दिला, जुना, मुठीचा कॉर्क काळा पडलेला; आणि त्या रॉडने माझी फ्लाय पहिल्यांदा समोरच्या दगडाआडच्या संथ पाण्यात जाऊन पडली. त्या क्षणी झालेला आनंद आणि आलेला संताप, दोन्ही मला अजून आठवतात.

रॉड चुकीचा असेल तर लाइनचे काय, हा प्रश्न घेऊन मी परतलो. लाइनचे नंबर तिच्या पुढच्या तीस फुटांच्या वजनावरून ठरतात. टोकाचा एकसारख्या जाडीचा फूटभर भाग त्यात धरत नाहीत. पाच नंबरसाठी हे वजन १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९.१ ग्रॅम असते. मी टोकाचा फूट सोडून पुढचे तीस फूट मोजले आणि ओळखीच्या सराफाकडे गेलो. त्यांनी तेवढ्या भागाचे वेटोळे करून काट्याच्या ताटलीत ठेवले, बाकीची लाइन मी हातात सैल धरली, आणि काट्यावर ६.४ ग्रॅम हा आकडा आला. म्हणजे ही जवळपास तीन नंबरची लाइन होती. आठ नंबरच्या ताठ रॉडला ती वाकवूच शकत नव्हती, आणि रॉड वाकला नाही तर लाइन फेकली जात नाही. शिवाय पुढचा भाग जाड आणि मागचा बारीक असायला हवा होता, तोही फरक नव्हता. चिमटीत धरून सगळी लाइन ओढली तरी जाडी एकसारखीच लागली.

टिपेटच्या रिळावर ५एक्स, म्हणजे ०.१५ मिलिमीटर, असे लिहिले होते. कारखान्यातल्या मायक्रोमीटरखाली ते ०.२३ भरले. तीर्थनच्या पाण्यात तळाचा खडा न् खडा दिसतो आणि तिथला ब्राउन ट्राउट अत्यंत सावध असतो, त्यामुळे माशी पाण्यात पडली असती तरी या दोऱ्याने माशाला सावधच केले असते. फ्लायबद्दल इतकेच सांगतो की निम्म्यांच्या गळांची डोळी, म्हणजे दोरा ओवायची भोके, लाखेने बुजलेली होती.

विक्रेत्याला मी फोटो पाठवले. सुरुवातीला सगळ्यांना असेच वाटते, सवय करा, असे उत्तर आले आणि पुढे फोन उचलणेच बंद झाले. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क लागत नाही. पक्के बिल नसल्यामुळे पैसे भरल्याची नोंद, सगळे संदेश आणि मैदानावर त्यांनीच काढून पाठवलेली चित्रफीत हाच माझा पुरावा आहे.

यंदा नवा संच घेताना रीलवरचा खर्च मी कमी केला, कारण ट्राउटसाठी रील बहुतेक वेळ लाइन गुंडाळून ठेवण्याचेच काम करते, आणि वाचलेले पैसे लाइनवर घातले. दुकानदाराने खोका माझ्यासमोर उघडला, मी सोबत नेलेल्या छोट्या काट्यावर तीस फूट लाइन ठेवू दिली, आणि आकडा ९.२ आल्यावरच बिल फाडले. जुना रॉड, सोललेला तो '५' आकड्याचा कागद आणि ती लाइन मी एकाच पिशवीत बांधून सुनावणीच्या तारखेसाठी ठेवली आहे.