मरीन माशांची क्वारंटाइन टाकी: बरेच महिने वापरल्यानंतर

नवा मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्यातला मासा थेट मुख्य टाकीत सोडू नये, आधी वेगळ्या क्वारंटाइन टाकीत ठेवावा, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी बहुतेक जण थेटच सोडतात. मला त्यात नवल वाटत नाही. क्वारंटाइन टाकी दिसायला भिकार असते, जागा अडवते, रोज पाणी तपासायला लावते आणि हौसेने आणलेला मासा महिना-दीड महिना मुख्य टाकीत दिसत नाही. वर्ष होत आलं, माझ्याकडे येणारा प्रत्येक मासा आधी या टाकीत राहतो. आता एवढं खात्रीने सांगते, की औषध हा यातला सोपा भाग आहे. खरी कसोटी लागते ती अमोनिया आटोक्यात ठेवण्यात आणि बिथरलेल्या माशाला खायला लावण्यात.

टाकी साधी काचेची, साधारण ऐंशी लिटरची. तळाला वाळू नाही, आत खडक नाही. हा कंजूषपणा नव्हे: औषध म्हणून पाण्यात तांबं टाकतात, आणि खडक आणि प्रवाळवाळू ते शोषून घेतात आणि औषधाचं प्रमाण काही केल्या स्थिर राहत नाही. लपायला पीव्हीसी पाइपचे एल्बो, हवेवर चालणारा स्पंज फिल्टर, हीटर, आणि वर घट्ट जाळी. जाळी हवीच. रास जातीचे मासे बोटभर फटीतूनही बाहेर उडी मारतात. फिल्टरमधला कार्बन काढून टाकायचा, नाहीतर तो औषध ओढून घेतो.

तांबं का, तर पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, माशाच्या कातडीखाली असताना त्याला कोणतंच औषध नीट गाठत नाही. तीन ते सात दिवसांनी तो मासा सोडतो, तळाला किंवा कशाला तरी चिकटून कवचात जातो आणि तिथे विभागत राहतो. कवचातही तो सुरक्षितच. सापडतो तो फक्त कवच फोडून नव्या माशाच्या शोधात पोहत असताना, आणि ती वेळ जेमतेम एक-दोन दिवसांची. म्हणून तांबं सलग महिनाभर ठेवावं लागतं. ठिपके गेले म्हणजे रोग गेला, असं समजून आठवड्यात औषध थांबवणाऱ्यांना दुसरी लाट हमखास बसते. ठिपके गेले याचा अर्थ एवढाच, की परजीवी माशावरून उतरून तळाशी बसलेत.

मी चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या द्रव्याशी बांधलेलं तांबं वापरते. त्याची मात्रा लिटरला 2 ते 2.5 मिलिग्रॅम. आयनिक, म्हणजे न बांधलेल्या प्रकारात हीच मात्रा 0.5 च्या आसपास असते, त्यामुळे एका बाटलीचे आकडे दुसरीला लावले तर एकतर उपयोग शून्य नाहीतर मासा मेलेला. दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवते. एंजलफिश आणि रास यांच्या बाबतीत आणखी सावकाश. मोजायला सुरुवातीला रंग जुळवायचं किट होतं. त्यातल्या निळ्याच्या दोन छटांमध्ये फरक ओळखणं म्हणजे दिव्याखाली उभं राहून स्वतःची समजूत घालणं. ते टाकून डिजिटल चेकर घेतला आणि या सगळ्या सामानात सर्वांत उपयोगी वस्तू तीच ठरली. कुपीत दहा मिलिलिटर पाणी घ्यायचं, पुडी टाकायची, पाणी जांभळट होतं, यंत्र आकडा देतं. कुपीच्या काचेवर बोटाचा ठसा असेल किंवा आत एखादा बुडबुडा अडकला असेल, तर आकडा भलताच येतो. कुपी मऊ कापडाने पुसून, एकदा अलगद उलटीसुलटी करून, मगच आत ठेवायची. आकडा पटला नाही तर पुन्हा मोजायचं. औषध ओतायची घाई करायची नाही.

इथे एक गंमत आहे. पाण्याची वाफ होते, तांब्याची होत नाही. म्हणजे पाण्याची पातळी खाली गेली की प्रमाण आपोआप वाढतं, आणि भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची. पण पाणी बदललं तर नव्या खाऱ्या पाण्यात तेवढंच तांबं आधी मिसळून ठेवावं लागतं. हे दोन हिशेब एकदा डोक्यात बसले की मग महिना निवांत जातो.

निवांत म्हटलं खरं, पण अमोनिया निवांत बसू देत नाही. रिकाम्या टाकीत अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंना बसायला जागाच नसते. मी एक जादा स्पंज मुख्य टाकीच्या संपमध्ये (फिल्टरच्या जोडटाकीत) कायम पडलेला ठेवते आणि नवा मासा यायचा असेल तेव्हा तो उचलून इकडे लावते. तरीही मोठा टँग मासा आला, की दोन-तीन दिवसांत काचेवरचा अमोनियाचा बिल्ला पिवळ्याचा हिरवट व्हायला लागतो. तेव्हा अमोनिया बांधून ठेवणारी बाटली हाताशी दिसते आणि मोह होतो. तांबं चालू असताना ती वापरू नये: त्यातली काही द्रव्यं तांब्याला जास्त विषारी रूपात नेतात. पाणी बदलायचं, खाणं आवरतं घ्यायचं, उरलेलं अन्न लगेच पाइपने ओढून काढायचं. दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

पिशवीतून मासा काढण्याबद्दलही सांगायला हवं, कारण या बाबतीत चुकीचा सल्ला फार फिरतो. लांबचा प्रवास केलेल्या पिशवीत अमोनिया साठलेला असतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा पीएच उतरलेला असतो, म्हणून तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा पाण्यात माशाला तासभर ठेवून थेंबथेंब नवं पाणी सोडणं हा छळ आहे. मी विकणाऱ्याकडून क्षारता (पाण्याचा खारेपणा, विशिष्ट गुरुत्वात मोजलेला) आधीच विचारून घेते, क्वारंटाइनचं पाणी तेवढंच करून ठेवते, पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवते आणि मासा हाताने उचलून थेट आत सोडते. पिशवीचं पाणी टाकीत जाऊ देत नाही. विकणारे बऱ्याचदा 1.019-1.020 अशा कमी क्षारतेवर मासे ठेवतात. तिथून 1.025 पर्यंत मी काही दिवसांत, सावकाश चढवते.

खाण्याची पंचाईत जातीजातीवर. क्लाउनफिश दुसऱ्या दिवशी गोळ्या मागतो. कॉपरबँड बटरफ्लायफिश मात्र पीव्हीसीच्या एल्बोत तोंड खुपसून बसतो आणि आपण बाहेर गोठलेल्या मायसिसचे (बारीक कोळंबीसारख्या खाद्याचे) तुकडे वितळवत बसतो. जो मासा खात नाही त्याला मी तांबं चढवत नाही. आधी भूक, मग औषध. पण अंगावर मखमली धूळ दिसली, श्वास भराभर चालला असेल, तर हा क्रम गुंडाळून ठेवायचा. व्हेल्व्हेट, म्हणजे अॅमिलूडिनियम हा दुसरा परजीवी, दोन-तीन दिवसांत अख्खी टाकी साफ करू शकतो. एका कवचातून दोनशेहून जास्त पिल्लं सुटू शकतात.

फ्लूक, म्हणजे माशाला चिकटणारा चपटा कृमी, हा तिसरा पाहुणा, आणि तो दिसत नाही म्हणून लोक त्याला विसरतात. गोड्या पाण्यात बुडवून काढल्यावर मात्र तो उघडा पडतो. आरओ पाणी, तापमान आणि पीएच टाकीइतकाच, हवा सोडलेली, वेळ पाच मिनिटांपर्यंत. भांडं काळ्या तळाचं घ्या. एका एंजलच्या डोळ्यावर हलकं धुकं होतं, बाकी मासा ठणठणीत. दोन मिनिटांत तीळ सांडल्यासारखे पांढरे अपारदर्शक ठिपके तळाला पडलेले दिसले. माशावर असताना ते पूर्ण पारदर्शक होते. बुडवल्याने सगळे जात नाहीत, म्हणून पुढे प्राझिक्वांटेल हे कृमीचं औषध, लिटरला 2 ते 2.5 मिलिग्रॅम. त्यावर फ्लूकची अंडी मरत नाहीत, त्यामुळे पाच-सात दिवसांनी दुसरी मात्रा ठरलेलीच. ती चालू असताना पाणी गढूळ होऊन ऑक्सिजन उतरतो. एअर पंप वाढवून ठेवायचा.

तांबं म्हणजे रामबाण नव्हे. क्लाउनफिशवर येणारी ब्रुकलिनेला ही परजीवी त्याला दाद देत नाही. तिथे फॉर्मेलिन लागतं, हातमोजे घालून आणि खिडक्या उघड्या ठेवून. क्रोमिस माशांच्या अंगावर लाल चट्टा घेऊन येणारी युरोनेमा ही परजीवीही तांब्याने हटत नाही. क्रोमिसचे थवे घेणं मी त्यामुळे सोडूनच दिलं. क्षारता 1.009 वर आणून ठेवायची पद्धत पांढऱ्या ठिपक्यांवर चालते, पण व्हेल्व्हेटवर नाही, म्हणून मी ती वापरत नाही. दर 72 तासांनी मासा कोरड्या, स्वच्छ टाकीत हलवायची पद्धत पांढऱ्या ठिपक्यांवर औषधाविना चालते, फक्त दोन टाक्या आणि हलवाहलवीची चिकाटी हवी.

एक त्रास शेवटपर्यंत गेलेला नाही, तो म्हणजे वस्तू वेगळ्या ठेवण्याचा. जाळं, नळी, बादली, टॉवेल, सगळं क्वारंटाइनचं वेगळं, लाल चिकटपट्टी लावलेलं. घरातलं कुणीतरी बादली उचलून नेतंच. व्हेल्व्हेट हवेतल्या तुषारांतूनही पसरू शकतो, त्यामुळे दोन टाक्यांमध्ये मी चांगलं तीन मीटरचं अंतर ठेवलंय आणि फेस उडवणारा एअर स्टोन भिंतीकडच्या बाजूला.

माशांचं हे सगळं जमलं, तरी प्रवाळ आणि गोगलगाई उरतातच. त्यांना परजीवी लागत नाही, पण परजीवीचं कवच त्यांच्यावर चिकटून येऊ शकतं, आणि तांब्याने त्या मरतील. त्यांना मासे नसलेल्या वेगळ्या टाकीत ठेवायचं: जुना नियम 76 दिवसांचा, आता बरेच जाणकार 27 अंश सेल्सिअसला 45 दिवस पुरे म्हणतात. मी मोठा आकडाच धरते. प्रवाळ ज्यावर चिकटवलेला असतो त्या प्लगवरून कापून घेतला की जोखीम बरीच उतरते, कारण कवचं बहुधा त्या सिमेंटच्या बुडख्यावरच बसतात. गोगलगाईला शंखातून काढता येत नाही. ती पूर्ण मुदत काढते, आणि तोवर तिच्या टाकीतलं शेवाळ संपलेलं असतं, म्हणून दगडाला रबर लावून नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा अडकवावा लागतो.