सेकंड हँड मोटरबोट घेणाऱ्यांनी टोकन देण्याआधी हे वाचावे

१९ फुटी, लहानशी केबिन असलेली फायबरची मोटरबोट, तिच्यावरचे ६० अश्वशक्तीचे म्हणून विकलेले इंजिन, सुरक्षा साहित्य, मालकी-बदलाचा खर्च आणि वर्षभराची देखभाल या सर्वांपोटी मी आणि माझा ठाण्याचा मेहुणा यांनी मिळून ८,४७,५०० रुपये मोजले. आज ती बोट पोलिसांच्या ताब्यात चिखलात पडून आहे आणि ती कायद्याने आमची आहे की नाही, हे सांगायला एकही कार्यालय तयार नाही. ज्या इसमाने ती विकली तो मात्र खुशाल फिरतो आहे. त्याचे नाव मी वकिलांच्या सल्ल्यावरून लिहीत नाही. त्याची पद्धत मात्र पूर्ण लिहितो.

आकडे आधी देतो, म्हणजे पुढे कोणी ‘अंदाजे किती गेले?’ असे विचारणार नाही. टोकन म्हणून यूपीआयने ५१,००० रुपये आणि आरटीजीएसने ५,७४,००० रुपये, म्हणजे बोटीचे ६,२५,०००. सुरक्षा साहित्याचे १,१८,५००. नोंदणीवर नाव चढवण्याचे ३२,०००. वार्षिक देखभाल, पावसाळ्यात बोट वर ओढणे आणि तळाचा रंग यांचे ७२,००० आगाऊ. शेवटच्या दोन रकमा रोखीने दिल्या, कारण ‘सरकारी चलन मीच भरतो, तुम्ही कशाला रांगेत उभे राहता?’ असे त्याचे म्हणणे होते. नोंदणीचे शुल्क कोणाच्याही हातात रोख देऊ नका. चलनावर तुमचे नाव नसेल तर ते चलन तुमचे नाही.

हौसेला मोल नसते, असा टोमणा आम्हाला नातेवाइकांकडून पुरेसा मिळाला आहे, तेव्हा तो पुन्हा नको. मी तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्यात देखभाल विभागात नोकरी करून निवृत्त झालो. पंप, बेअरिंग, गंज या गोष्टी मला कळत नाहीत असे समजू नये. खाडीकाठी राहून खाडी फक्त पाम बीच रस्त्यावरून गाडीच्या काचेतून पाहायची, हे मला पटत नव्हते. बेलापूरहून सकाळी निघावे, पनवेल खाडीच्या तोंडापर्यंत जावे आणि ओहोटीच्या आत परतावे, एवढीच अपेक्षा होती. आणि सव्वासहा लाख ही या आकाराच्या वापरलेल्या बोटीसाठी संशय यावा इतकी स्वस्त किंमतही नव्हती. किंमत रास्त ठेवणे हाच त्या माणसाचा पहिला डाव होता. फार स्वस्त माल दिसला की आपण सावध होतो, हे त्याला माहीत होते.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजूनही झोप लागत नाही. चाचणीसाठी आम्हाला दुपारी चार वाजता जेट्टीवर बोलावले होते. बोट ताडपत्रीखाली झाकलेली होती. त्याने ताडपत्री काढली आणि मी सवयीने इंजिनाच्या झाकणावर तळहात ठेवला. ते कोमट होते. उन्हाचे कारण देता येत नव्हते, कारण ताडपत्रीखालची केबिनची कडा आणि खुर्चीची चौकट गार होती. ऊब फक्त इंजिनाला होती. मेहुण्याने लगेच विचारले, “भाऊजी, हे गरम कसं?” त्यावर तो इसम हसून म्हणाला, “काका, खाऱ्या पाण्याचं इंजिन आहे, सकाळी गोड्या पाण्याने फ्लश केलं ना, तेव्हा चालू केलं होतं.” उत्तर इतके तयार आणि इतके शास्त्रशुद्ध होते की आम्ही दोघांनीही मान डोलावली. खाऱ्या पाण्यातून आल्यावर आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेले इंजिन गोड्या पाण्याने धुतात, हे खरेच आहे. न धुतल्यास आतल्या पाण्याच्या वाटांमध्ये मीठ साचून इंजिन तापू लागते. पण सकाळी धुतलेले इंजिन दुपारी चारला कोमट राहत नाही, आणि त्या जेट्टीवर गोड्या पाण्याचा नळच नाही. तिथले कोळी बांधव पिण्याचे पाणी कॅनमधून आणतात. आम्ही त्या कॅनच्या रांगेशेजारी उभे राहून हे उत्तर ऐकत होतो.

इंजिन आधीच तापवून ठेवण्याचे कारण नंतर कळले. आत झिजलेले, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) उतरलेले इंजिन थंड असताना सहज सुरू होत नाही. गरम असले की पहिल्या चावीला सुरू होते आणि गिऱ्हाईक खूश होते. म्हणून विक्रेत्याला न कळवता दोन तास लवकर जा, आणि झाकण गरम लागले तर चाचणी न घेता परत या. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेज लावून मोजायला सांगा. नकार मिळाला की व्यवहार संपला.

चार वाजताची वेळही उगाच नव्हती. त्या दिवशी तृतीया होती. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा कोळीवाड्यातला साधा हिशेब आहे, म्हणजे तृतीयेला भरती सव्वादोनच्या सुमारास पूर्ण होते. चार वाजता ओहोटी चांगलीच लागलेली असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाणी जितके चढते तितकेच खाली जाते आणि जेट्टीसमोर निव्वळ गाळ उरतो. “अर्ध्या तासात परतलो नाही तर चिखलात बसू, काका,” असे म्हणून त्याने आमची चाचणी पंधरा-वीस मिनिटांत आटोपली. इंजिन तापून गजर वाजायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्याने आम्हाला दिलाच नाही. चाचणी भरती चढत असताना घ्यावी आणि किमान तासभर घ्यावी.

उरलेले दोष मी थोडक्यात सांगतो. इंजिनाच्या बाजूने पडणारी पाण्याची धार जोरात पडायला हवी. आमची धार क्षीण होती आणि ‘नवीन इम्पेलर (इंजिन थंड ठेवणारे पाणी खेचणारे पंपाचे चाक) बसायला वेळ लागतो’ असे सांगण्यात आले, जे धादांत खोटे आहे. अनुक्रमांकाची पट्टी इंजिन अडकवण्याच्या ब्रॅकेटवर असते. आमचे ब्रॅकेट मिठाने पांढरे पडलेले आणि पट्टीचे रिव्हेट मात्र चकचकीत होते. ज्या सपाट मागच्या भागावर इंजिन टांगतात, त्या ट्रान्समच्या आत बहुधा प्लायवुड असते आणि बोल्टच्या भोकांतून पाणी शिरले की ते कुजते. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावे. आवाज बद्द आला की आत लाकूड उरलेले नाही. आमच्या ट्रान्समवर ताजा रंग होता. ताज्या रंगाला वास असतो आणि तो आम्हाला आला होता. पण बोट विकायला काढणारा माणूस रंग देणारच, असे कोणालाही वाटेल. यात आमचा काय दोष?

सुरक्षा साहित्याचे १,१८,५०० रुपये गेले त्याची चीड मला बोटीपेक्षा जास्त आहे, कारण ती फसवणूक पैशाची नसून जिवाची होती. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला जाणाऱ्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकून माणसे गेली, त्यानंतर घरच्यांनी स्पष्ट सांगितले होते की साहित्य पूर्ण असेल तरच आम्ही बोटीत पाय ठेवू. म्हणून एका शब्दाची घासाघीस न करता लाइफ जॅकेट, संकटदर्शक फ्लेअर, अग्निशामक आणि व्हीएचएफ हा बिनतारी संदेशाचा संच हे सगळे त्याच्याकडूनच घेतले. जॅकेटची शिवण उसवून पाहिली तेव्हा आत टीव्हीच्या खोक्यात येते तसल्या थर्मोकोलचे तुकडे निघाले आणि मान्यतेचे लेबल वरून चिकटवलेले होते. फ्लेअरवरची मुदत स्टिकर लावून पुढे ढकलली होती. नखाने स्टिकर काढले की खाली जुनी तारीख. व्हीएचएफ संचाचा दिवा लागत होता, संकटाच्या हाकेचा चॅनल १६ पडद्यावर दिसत होता, पण छतावरच्या एरियलला आत तारच जोडलेली नव्हती. ते नुसते स्क्रूने बसवलेले होते. शिवाय अशा संचाला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो, हेही आम्हाला नंतर समजले.

देखभालीच्या कराराबद्दल एवढेच सांगतो की बोट वर ओढून तळ घासल्याची आणि शिंपले धरू नयेत म्हणून रंग दिल्याची जी छायाचित्रे त्याने व्हॉट्सअॅपवर पाठवली, त्यांतील बोटीची शिडी डावीकडे होती. आमच्या बोटीची शिडी उजवीकडे आहे. छायाचित्र नको, व्हिडिओ मागा, आणि त्यात बोटीचा क्रमांक व त्या दिवसाचे वर्तमानपत्र दोन्ही दिसू द्या.

पितळ उघडे पडले ते हिवाळ्यात. कुटुंबाला घेऊन निघालो असताना पनवेल खाडीच्या तोंडाशी गजर वाजला, इंजिन बंद पडले आणि ओहोटीच्या ओढीने बोट मोठ्या जहाजांच्या मार्गाकडे सरकू लागली. संच मुका होता. दिवाळे गावच्या एका मच्छिमाराने दोरी टाकून आम्हाला ओढत आणले आणि डिझेलचेही पैसे घेतले नाहीत. खाडीत जाणाऱ्याने तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक केबिनमध्ये रंगाने लिहून ठेवावेत. किनाऱ्यावर गस्तीच्या पोलिसांनी कागद मागितले. २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर या किनाऱ्यावर अनोळखी बोटीची चौकशी होणार, ते योग्यच आहे. चौकशीत निघाले ते असे, की आमच्या लॅमिनेट केलेल्या प्रमाणपत्रावरचा क्रमांक दुसऱ्याच, तशाच बनावटीच्या आणि तेवढ्याच लांबीच्या बोटीचा होता. पुढे भाऊच्या धक्क्यावरच्या एका जुन्या मेकॅनिकने इंजिनाच्या मुख्य ठोकळ्यावरची एक गोल चकती खरवडून दाखवली. तिच्यावर ठोकलेला क्रमांक ब्रॅकेटवरच्या पट्टीशी जुळत नव्हता. इंजिन ४० अश्वशक्तीचे होते, झाकण तेवढे ६०चे. खरेदीआधी हे दोन्ही क्रमांक एकमेकांशी ताडून पाहा. पट्टी आणि कागद जुळले यात काहीच सिद्ध होत नाही, कारण दोन्ही एकाच माणसाने तयार केलेले असतात.

यानंतर आम्ही फसवले गेलेले नागरिक राहिलो नाही, संशयित झालो. एका पोलीस ठाण्यात सांगितले की हा दिवाणी वाद आहे. दुसऱ्या ठाण्यात सांगितले की व्यवहार पाण्यावर झाला, जलहद्द आमची नाही. तिसरीकडे विचारले की आरोपी ठाणे शहरात राहतो, पैसे नेरुळच्या बँकेतून गेले आणि बोट बेलापूरला होती, तर तुम्ही इथे कशाला आलात? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, आणि फसवणुकीचे कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे, हे मी छापून नेले होते. ठाणे अंमलदाराने कागद परत देत सांगितले, “काका, कायदा आम्हालापण येतो.” १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला तर तुम्ही स्वखुशीने आरटीजीएस केले, ही ऑनलाइन फसवणूक नव्हे, असे उत्तर मिळाले. बँकेला खाते गोठवण्यासाठी पोलिसांचे पत्र हवे होते, आणि पोलिसांना पत्र देण्याआधी बँकेकडून त्या खात्याचा तपशील हवा होता. नोंदणी कार्यालयाच्या खिडकीवर तर कमालच झाली. तो क्रमांक कोणाच्या बोटीचा आहे ते सांगा, एवढीच विनंती होती; ती माहिती फक्त मालकालाच मिळते, असे सांगण्यात आले. माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून अर्ज केला, तर कलम ८(१)(ञ) दाखवून ती वैयक्तिक माहिती ठरवण्यात आली. म्हणजे आमच्या बोटीवर ज्याचा क्रमांक आहे, त्याचे नाव ही वैयक्तिक बाब. आणि विनानोंदणी यांत्रिक नौका चालवल्याची आम्हाला आलेली नोटीस ही सार्वजनिक बाब! अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ मधले नोंदणीचे आणि विम्याचे नियम मला त्या नोटिशीतूनच पाठ झाले. या सगळ्या प्रकरणात झपाट्याने हललेली फाइल फक्त ती.

ग्राहक आयोगात आम्ही तक्रार दाखल केली आहे. ५ ते १० लाखांच्या व्यवहारासाठी शुल्क फक्त २०० रुपये आहे आणि वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे, ती पोलीस ठाण्यांच्या फेऱ्यांत घालवू नका. समोरच्याने आपण व्यापारी नसून खासगी विक्रेते आहोत, असा बचाव घेतला आहे. त्याच माणसाच्या जुन्या जाहिराती मेहुण्याने तारखेसह जपून ठेवल्या होत्या, त्या आम्ही जोडल्या. जाहिरात पाहताक्षणी तिचे स्क्रीनशॉट घ्या, व्यवहार झाल्यावर ती गायब होते.

सध्या त्याच धाटणीची पांढरी, निळ्या पट्ट्याची, उजवीकडे शिडी असलेली १९ फुटी बोट ७,१०,००० रुपयांना विक्रीस असल्याची जाहिरात फिरते आहे. तिच्यातील तीन छायाचित्रे आमच्या बोटीची आहेत. केबिनच्या खिडकीत माझ्या नातीने चिकटवलेला कासवाचा स्टिकर त्यांत स्पष्ट दिसतो. ती बोट विक्रीला नाही, ती पोलिसांच्या ताब्यात आहे. ज्यांना ही जाहिरात आली असेल त्यांनी टोकन देऊ नये, आणि ज्यांनी आधीच दिले असेल त्यांनी व्यवहाराचे पुरावे घेऊन माझ्याशी संपर्क साधावा, कारण दुसरा तक्रारदार आल्यास एकत्रित गुन्हा नोंदवण्याचा विचार करू, असे अखेर एका अधिकाऱ्याने तोंडी का होईना, सांगितले आहे.